बियाला ठेवलेला मासा

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दोनच माणसांना समुद्र ठाऊक होता. एक मी, कारण मी तो पुस्तकात वाचला होता. दुसरे आश्रुबा वाव्हळे, कारण ते त्यात उतरले होते. पगार अर्थात मला जास्त होता.

आश्रुबा विभागाचे शिपाई. राहायला पिंगळीला, रोज सकाळच्या गाडीनं परभणीला येत. शिक्षण निजामाच्या राज्यातली सातवी. म्हणजे उर्दू पक्कं, मराठी अक्षर मोत्यासारखं, आणि इंग्रजी अक्षरं चित्र बघून चित्र काढावं तशी काढायची. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे होते, तरी मी त्यांना अरे-तुरे करत असे. सगळेच करत. आता कागदावर तसं लिहवत नाही, एवढीच काय ती सुधारणा माझ्यात झाली.

मी मानवतचा. वडील नागप्पा कापसाचे व्यापारी. लिंगायताच्या पोरानं बेडूक फाडायचा धंदा धरला म्हणून माझी आई, सिद्धम्मा, मी घरी गेलो की आधी न्हाणीत पाठवायची आणि मग बोलायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मेलेल्या माशाला हात लावायची वेळ आली की मी काहीतरी सबब काढायचो. आश्रुबांनी ते ओळखलं, पण कोणाला सांगितलं नाही. प्रॅक्टिकलच्या आधी ते मासा धुऊन, ट्रेमध्ये टाचण्या मारून ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "सर, आता तो मासा न्हाई. आता ती आकृती हाय. बिनघोर शिकवा."

दर डिसेंबरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं घेऊन आम्ही समुद्रावर जायचो. परभणीहून छोट्या लाईनीनं सिकंदराबाद, तिथून मद्रास, आणि मग रामेश्वरच्या अलीकडे मंडपम. परीक्षेला प्रत्येक मुलानं समुद्रातले दहा नमुने जमा करायचे, त्याला मार्क होते. हा नियम कोणी केला मला ठाऊक नाही, पण तो आमच्यासारखा अनेक कॉलेजांना होता. त्यामुळं डिसेंबरात त्या किनाऱ्यावर जत्रा भरायची. ओहोटी लागली की पोरं हातोड्या, बादल्या आणि फॉर्मॅलिनच्या बाटल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायची आणि पोवळ्याचे खडक फोडून आत दडलेलं जे सापडेल ते बाहेर काढायची. मुलं आयुष्यात एकदाच येत. प्राध्यापक पाळीपाळीनं येत. दर वर्षी न चुकता येणारा माणूस एकच, आश्रुबा, कारण बत्तीस माणसांचा स्वयंपाक आणि सामान दुसरं कोण सांभाळणार? सदुसष्ट सालापासून ते जात होते. तिथलं कमी होत चाललेलं दिसण्याची सोय फक्त त्यांना होती.

आणि ते सांगत. पहिल्याच दिवशी संध्याकाळी, पिठलं ढवळताना, माझ्याकडे न बघता सांगत, "सर, औंदा कमी हाय."

मी म्हणायचो, "समुद्र केवढा आहे, आश्रुबा. कमी कसा होईल?"

"समुद्र लय मोठा हाय. पर ही जागा तेवढीच हाय."

त्यांची एक सवय होती, तिच्यावरून पोरं त्यांना बियाणेवाले मामा म्हणत. कोणी तारामासा उचलला की हे पाण्यात उभं राहून म्हणायचे, "जोडी ठेवा. बियाला जोडी ठेवा." पोरं हसायची आणि दोन्ही उचलायची. आश्रुबांच्या घरी दोन एकर रान होतं. त्यांची आई सगुणाबाई दर साली ज्वारीचं बियाणं राखेत घोळून गाडग्यात भरायची आणि गाडग्याचं तोंड शेणानं लिंपून टाकायची. एका वाईट साली घरात तरोट्याचा पाला उकडून खाल्ला, लहानगं एक मूलही गेलं, पण म्हातारीनं ते तोंड फोडलं नाही. आश्रुबा हे सांगताना आईचं कौतुकही करत नसत. जगाची रीतच ती, असं सांगत. "बियाणं खाल्लं म्हंजे संपलं, सर. मग पाऊस पडला तरी पेरता काय?"

परत आल्यावर नमुने बरणीत भरून लेबल लावायचं काम त्यांचंच. फॉर्मॅलिनमध्ये शाई विरघळते, म्हणून जाड कागदावर पेन्सिलनं लिहून तो कागद बरणीच्या आत, काचेला टेकवून ठेवायचा. प्राण्याचं नाव, ठिकाण, तारीख, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. गोळा करणाऱ्याच्या जागी नेहमी प्राध्यापकाचं नाव असे. माझ्या नावानं दीडशे बरण्या आहेत. त्यातल्या चार-पाच प्राण्यांनाच माझा हात लागला असेल.

एकाहत्तरच्या सहलीत आश्रुबांनी मला त्यांचा आड दाखवला. किनाऱ्यापासून बरंच आत, खडकांच्या रांगेपलीकडे, कमरेएवढ्या पाण्यात एक गोल खोलगा होता. चारी बाजूंनी पोवळ्याची भिंत, तळाशी पांढरी वाळू. भिंतीच्या फटीत थाळीएवढं समुद्रफूल होतं. दिसतं फुलासारखं, पण तो प्राणी आहे, पाकळ्यांनी डंख मारतो. त्या पाकळ्यांत तीन मासे राहत होते. काळपट पिवळे, अंगावर पांढरे पट्टे, एक बोटभर, एक त्याहून लहान आणि एक अगदी नखाएवढा. डंखाला भिऊन दुसरं कोणी तिकडं फिरकत नाही आणि यांना तो डंख बाधत नाही. मी चष्मा ओला होईपर्यंत वाकून बघत राहिलो. वर्गात चार वर्षं शिकवलेली गोष्ट पहिल्यांदा जिवंत बघत होतो.

"ह्याला आड कामून म्हणतोस?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"गावच्या आडावर आमाला जाता येत न्हवतं, सर. आई घागर घेऊन उभी राहायची, कोणी वाढलं तर वाढलं. हितं बगा, आडातच उभा हाय. कोणाला इचारावं लागत न्हाई." मग म्हणाले, "पोरांना दाखवू नका. हितलं सगळं बियाला हाय."

मी दाखवणार नाही म्हणालो.

पुढच्या वर्षी आमच्या प्राचार्यांच्या डोक्यात एम.एस्सी.चा वर्ग शिरला. त्यासाठी विद्यापीठाची समिती येणार होती. प्राचार्य मला म्हणाले, "मेलेले प्राणी बरण्यांत सगळ्यांकडेच असतात. मराठवाड्यात जिवंत समुद्र कोणाकडे आहे? या वर्षी मला माझ्या दाराशी समुद्र पाहिजे." माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मला समुद्र आणणं भाग होतं.

ते बहात्तर साल होतं. दुष्काळाबद्दल मी वेगळं काय सांगणार? आश्रुबांची बायको सरजाबाई पोखर्णीच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होती. हाताला फोड येईपर्यंत बायको फोडते तो दगड आणि पोरं फोडतात तो दगड यांची तुलना करावी, असले विचार आश्रुबांच्या मनात येत असतील तर ते त्यांनी बोलून दाखवले नाहीत. मंडपमला गेल्यावर मी त्यांना जिवंत माशांचं सांगितलं. त्यांनी दोन दिवस किनाऱ्यावर इतरत्र शोधलं. कोळ्यांच्या वस्तीत एका म्हाताऱ्याला मुंबईच्या गोदीत शिकलेली हिंदी येत होती आणि आश्रुबांना उर्दू, त्यामुळं दोघांचं जमायचं. म्हातारा म्हणाला, रंगीत मासे आता मद्रासचा दलाल नेतो, काचेच्या पेट्यांच्या दुकानांसाठी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधतात, दहांतले चार पोचतात, तरी त्याला परवडतं. आणि खडक होडीत भरून चुन्याच्या भट्टीला जातात. किनाऱ्यावर त्या पोवळ्याच्या दगडांचा ढीग आम्हालाही दिसत होताच, माणसाच्या उंचीचा.

तिसऱ्या दिवशी आश्रुबा माझ्याकडे आले. "जोडी नेऊ, सर. नखाएवढं हाय ते ठेवू. एकट्यानं वंश वाढत न्हाई, पर ते घर राखंल. पुढल्या डिसेंबरला जोडी वापस आणून जिथलं तिथं सोडायची. शब्द द्या."

"दिला," मी म्हणालो.

ॲसिडच्या रिकाम्या मोठ्या बरण्या धुऊन, कडब्यात आणि गोणपाटात गुंडाळून आम्ही नेल्या होत्या. एकीत जोडी, एकीत खालच्या दगडाच्या तुकड्यासह दुसरीकडचं एक लहान समुद्रफूल, आणि दहा बरण्या नुसतं समुद्राचं पाणी. परतीचे तीन दिवस आश्रुबा सायकलचा पंप घेऊन बसले आणि पाण्यात हवा मारत राहिले. परभणीला दोन्ही मासे जिवंत पोचले. स्टेशनवर प्राचार्य हार घेऊन आले होते, तो त्यांनी मला घातला.

समितीनं दुष्काळामुळं भेट पुढच्या जानेवारीवर ढकलली. मासे मात्र प्राचार्यांच्या दाराशी चार फुटी काचेच्या पेटीत फिरत होते आणि सारं शहर ते बघायला येत होतं. बायका नळावरून घागरी घेऊन जाताना थांबायच्या. त्या वर्षी काचेच्या पेटीत उगीच साठवून ठेवलेलं पाणी बघणं हीच नवलाई होती. एक म्हातारी बराच वेळ बघून म्हणाली, "इतकं पाणी, आन् पिता येत न्हाई?" आश्रुबांनी तिला खुर्ची दिली आणि माशांना उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा कसा टाकायचा ते दाखवलं. समुद्रफूल महिनाभरात विरघळून गेलं, मासे टिकले. संध्याकाळी घरी जाण्याआधी आश्रुबा ट्रकच्या टायरची ट्यूब पंपानं टम्म फुगवून ठेवायचे. तिला नळी लावलेली असे, तीतून सकाळपर्यंत पेटीत बुडबुडे येत राहायचे. ही युक्ती त्यांची. सूचना माझी एकच होती, पण मी ती कडक आवाजात दिली होती: "पेटीत गोड्या पाण्याचा एक थेंब जाता कामा नये. गेला की मासे मेले."

एप्रिल लागला. परभणीचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. पेटीतलं पाणी रोज थोडं थोडं खाली जायचं आणि आश्रुबा साठवलेल्या समुद्राच्या पाण्यानं ती भरून काढायचे. त्यांनी मला दोनदा सांगितलं, "सर, पाणी लय खारट झालंय." ते रोज बोट बुडवून जिभेला लावत. मंडपमच्या पाण्याची चव त्यांच्या जिभेवर होती.

मी म्हणालो, "समुद्राचं पाणी खारट नसेल तर काय गोड असेल?" माझं मलाच ते फार चटपटीत वाटलं.

मे महिन्यात मी सुट्टीला मानवतला होतो. दुपारी बाराच्या सुमारास आश्रुबा एस.टी.नं आले. आमच्या दुकानाच्या पायरीवर बसले, आत बोलावलं तरी आले नाहीत. आईनं त्यांना पाणी वरून ओंजळीत वाढलं. त्यांनी ते पिऊन तोंड पुसलं आणि खिशातून औषधाची एक बाटली काढली. तीत पेटीतलं पाणी होतं.

"सर, तेवढं जिभेला लावून बगा. मासे तळाला बसायलेत. खाईनात."

मी बाटली हातात घेतली नाही. आई दारात उभी होती, मासे राहिलेलं पाणी मी तोंडाला लावणार हे शक्यच नव्हतं. मी विचारलं, "गोडं पाणी घातलं नाहीस ना?"

"एक थेंब न्हाई, सर. तुमी सांगितलंय."

"मग झालं तर. ऊन आहे, म्हणून सुस्त झाले असतील."

ते उठले. मग बाटली खिशात ठेवून दोनच्या गाडीनं परत गेले. चौथ्या दिवशी प्राचार्यांचा निरोप आला की मासे मेले.

परभणीला येऊन मी पाण्याची घनता मोजली आणि काय झालं ते कळलं. उन्हानं उडून जातं ते पाणी. मीठ उडत नाही, ते मागं राहतं. उडालेल्याच्या जागी साधं आडाचं पाणी घालायचं असतं. आम्ही सगळा उन्हाळा त्यात आणखी मीठ घालत होतो. हे मिठागरावरच्या कुठल्याही मजुराला ठाऊक असतं. मी एम.एस्सी.ला पहिला आलो होतो.

आश्रुबा कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "माझ्याच हातून गेले, सर. माझं कायतरी चुकलं."

मी मोजायची नळी पुसत राहिलो. तिथं मी "नाही आश्रुबा, माझं चुकलं" एवढंच म्हणायला पाहिजे होतं. चार शब्द. आज सगळ्या गोष्टींची लाज वाटते, पण त्या गप्प बसण्याची सर्वांत जास्त वाटते. प्राचार्यांना मी सांगितलं, उन्हाळा बाधला.

मासे बरणीत गेले. लेबल लिहिताना आश्रुबांनी विचारलं, "सर, ह्यांना वापस न्यायचा शब्द होता. मेलेलेच नेऊन सोडू का?" मी म्हणालो, "वेडा आहेस का? परीक्षेला लागतील."

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा मंडपमला गेलो. त्या वर्षी किनाऱ्याची अवस्था माझ्यासारख्यालाही दिसली. आम्ही ज्या खडकांवर पोरं सोडायचो तिथं नुसता पांढरा चुरा राहिला होता. आमच्या आधी तीन कॉलेजं येऊन गेली होती आणि दोन दिवस शोधून अर्ध्या पोरांचे दहा नमुनेही भरेनात. पहिल्या दिवशी आश्रुबांनी "औंदा कमी हाय" म्हटलं नाही. स्वयंपाक झाल्यावर ते एकटेच आडाकडे गेले आणि अंधार पडायच्या आत परतले. त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळलेला होता.

"हाय, सर. नखाएवढं होतं ते बोटभर झालंय. आन् कुठून तरी एक बारकं आलंय त्याच्याजवळ. जोडी झाली. म्या म्हनलं न्हवतं का, एक ठेवलं की घर राहतंय?"

मी निघताना प्राचार्यांनी मला एकच वाक्य सांगितलं होतं: समिती दहा जानेवारीला येणार, पेटी रिकामी दिसली तर तुमचं काय करायचं ते मला ठरवावं लागेल. मी आश्रुबांना म्हणालो, "ती जोडी न्यावी लागेल. या वेळी चूक होणार नाही. पाण्याचं मला आता कळलंय."

"न्हाई, सर."

त्यांच्या तोंडून नकार मी पहिल्यांदा ऐकला. आवाज चढलेला नव्हता. "दुसरं काय बी सांगा. ते बियाला हाय. त्याच्यामागं काई न्हाई आता."

मी हुकूम केला नाही. हुकूम मोडला गेला असता तर मला त्यांच्यावर कारवाई करावी लागली असती. शिवाय हुकुमाची गरजही नव्हती. जागा मला ठाऊक होती. त्यांनीच दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रॉकेल आणि तांदूळ आणायला बाजारात गेले. मी दोन मुलं, एक हातोडी आणि एक बरणी घेतली आणि एरवी गुडघ्यापुढं न जाणारा माणूस कमरेपर्यंत उतरलो. मासे समुद्रफुलात दडून बसले, बाहेर येईनात. फूल फटीत घट्ट धरून होतं. शेवटी भोवतालची भिंत फोडावी लागली. नऊ-दहा घाव घातले. पाणी पांढरं गढूळ झालं. निवळलं तेव्हा तिथं आड नव्हता, एका बाजूनं ढासळलेला खड्डा होता, आणि दोन्ही मासे माझ्या बरणीत होते.

आश्रुबा परतले तेव्हा मी ओल्या पँटवर बसलो होतो. त्यांनी पँटकडे पाहिलं, मग बरणीकडे. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, की हे दुसरीकडचे आहेत. त्यांनी विचारलंच नाही. तांदळाची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "बरणी सावलीत ठेवा, सर. तापायलीय."

आणि सायकलचा पंप शोधायला गेले.

परतीच्या प्रवासात त्यांनी त्या माशांसाठी जेवढं केलं तेवढं मी माझ्या पोटच्या पोरासाठी केलं नाही. मद्रासला फलाटावर बसून अर्धं पाणी बदललं. मांडीवर बरणी घेऊन पंप मारत राहिले. पोरांनी पाळी घेऊ म्हटलं तर दिला नाही. बारकं सिकंदराबादच्या आधी मेलं. ते त्यांनी बाहेर काढलं, ओल्या फडक्यात ठेवलं आणि पुन्हा पंप सुरू केला. मोठं पूर्णा स्टेशनला उलटं झालं. पुढचं मिरखेल जाईपर्यंत ते पंप मारत होते. मग थांबले.

दर वर्षी ते परभणीपर्यंत येऊन, सगळं सामान कॉलेजात पोचवून मगच घरी जात. त्या दिवशी पिंगळी आलं तसे उठले. "सरजा वाट बगायलीय," एवढं म्हणाले आणि उतरले. मी खिडकीतून बघत होतो. ते मागं वळतील असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र अकराच्या ठोक्याला हजर. दोन्ही मासे फॉर्मॅलिनमध्ये गेले, लेबल लिहिलं गेलं. नाव, ठिकाण, तारीख, आणि गोळा करणारा म्हणून माझं नाव. या वेळी ते खरं होतं. रिकामी पेटी मी अडगळीत हलवली आणि तिच्या जागी संग्रहाचं कपाट आणून सगळ्या बरण्या नीट मांडल्या.

दहा जानेवारीला समिती आली. तीन जण होते. बरण्यांचा संग्रह बघून ते खूश झाले, एवढा समुद्री संग्रह आतल्या जिल्ह्यात त्यांनी पाहिला नव्हता. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी ती शेवटची बरणी उचलून उजेडात धरली आणि सगळीकडून फिरवली. मग थांबले.

"लेबलाच्या मागं हे काय लिहिलंय?"

मी वाकून पाहिलं. दोन माशांच्या मधून, कागदाच्या आतल्या बाजूला, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: मागं काही न्हाई.

"याचा अर्थ काय?"

"शिपायाची काहीतरी खूण असेल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि बरणी ठेवली. एम.एस्सी.ला मान्यता मिळाली. मार्चमध्ये मी कायम झालो.

समिती गेल्यावर मी कपाट उघडलं आणि बरण्या एकेक करून फिरवल्या. प्रत्येक लेबलाच्या मागं पेन्सिलची एक ओळ होती. सदुसष्ट सालच्या समुद्रघोड्यामागं: मागं लय हायेत. एकोणसत्तरच्या समुद्रघोड्यामागं: मागं वीस-पंचवीस. सत्तर: मागं सहा. एकाहत्तरला समुद्रघोडा नव्हताच, कपाटात त्या सालाची बरणी नव्हती आणि ती का नाही हे मला कधी जाणवलं नव्हतं. तारामासा, शंख, पोवळं, सगळ्यांच्या मागं तसंच, साल पुढं जाईल तसं कमी. मेमध्ये मेलेल्या जोडीच्या बरणीमागं: मागं एक. घर राखंल.

आश्रुबा फडकं घेऊन दारात उभे होते.

"हे कधीपासून लिहितोस?" मी विचारलं.

"पयल्या सालापासून, सर."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

त्यांना माझा प्रश्न समजला नाही असं क्षणभर वाटलं.

"सांगितलं की, सर," ते म्हणाले. "दर साली सांगितलं."

मग त्यांनी आत येऊन बरण्या पुसल्या आणि एकेक करून पुन्हा नावं पुढं करून लावून ठेवल्या.